एक शिखर नको, तीन ठेवा: कोल्हापुरातून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हिमालयात जाणाऱ्यांसाठी

अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपली, की आमच्या ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो. "दसऱ्याआधी दहा-बारा दिवस रजा मिळतीय. हिमालयात एखादं मध्यम शिखर होईल का?" विचारणाऱ्याने पन्हाळा-पावनखिंड चार-पाचदा केलेलं असतं, रांगणा-भुदरगड पालथे घातलेले असतात, जमलं तर मनालीचा किंवा उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्सही झालेला असतो. पाय भक्कम, रजा मंजूर, आणि डोक्यात एकच नाव पक्कं.

मीही पहिल्यांदा असाच गेलो होतो. नाव होतं फ्रेंडशिप, मनालीजवळचं शिखर, ५,२८९ मीटर. बर्फात बसलेल्या तंबूत दोन दिवस काढले, तिसऱ्या रात्री निघालो आणि पहाटे मान खाली घालून परत आलो. हवामान वाईट होतं हे खरं, पण चूक कोल्हापुरातच झाली होती. माझ्याकडे दुसरं काही ठरलेलंच नव्हतं. त्यामुळे जे होतं त्याच्याच मागे लागलो.

हा लेख कुठलाही तांत्रिक कोर्स न केलेल्यांना एकट्याने शिखरावर पाठवण्यासाठी नाही. आइस ॲक्सने (बर्फातल्या कुऱ्हाडीने) स्वतःची घसरण थांबवता येत नसेल तर आधी कोर्स करा, नाहीतर अनुभवी गाइडबरोबर जा. निवड कशी करायची एवढंच इथे सांगतो.

१. कोणतं हवामान आडवं येऊ शकतं ते ओळखा

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये "हवामान बिघडलं" या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. प्रत्येकीवर उपाय वेगळा आहे. निम्मी निवड इथेच होते, म्हणून हे नीट वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे मोसमी पावसाचं शेपूट. हवामान खात्याच्या सध्याच्या वेळापत्रकानुसार पाऊस पश्चिम राजस्थानातून माघारी फिरायची सरासरी तारीख १७ सप्टेंबर आहे. आपल्याकडे तेव्हा उत्तरा नक्षत्र चालू असतं आणि हत्तीचा पाऊस अजून यायचा असतो. तारीख सरासरी आहे, पावसाने तिच्यावर सही केलेली नाही. हा पाऊस दक्षिणेकडून येतो आणि हिमालयाच्या पहिल्या उंच रांगेला धडकून तिथेच रिकामा होतो. गगनबावड्याला धो धो कोसळत असताना शिरोळला पंखा लावावा लागतो, तसंच हे. मनालीजवळची पीर पंजाल रांग म्हणजे गगनबावडा, पलीकडचं लाहौल म्हणजे शिरोळ. अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून हा फरक नऊ किलोमीटरच्या प्रवासात दिसतो. या तोंडाला वायपर चालू, त्या तोंडाला गॉगल. तेव्हा नुसतं पावसाचं शेपूट असेल तर रांग ओलांडली की काम होतं.

दुसरी गोष्ट, पश्चिमी विक्षोभ. ही प्रणाली भूमध्य समुद्राच्या बाजूने येते, थंड असते, आणि बोगद्याची कुठली बाजू हे तिला विचारायचं नसतं. लाहौल, स्पिती, लडाख सगळीकडे बर्फ टाकते. मोसमी पावसाची ओल शिल्लक असताना ती आली की दोघं मिळून कहर करतात. २०१८ च्या सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लाहौल-स्पितीत अवेळी बर्फ पडून शेकडो लोक अडकले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. २०२१ मध्ये १७ ते १९ ऑक्टोबरला उत्तराखंडात अतिवृष्टी झाली, वर बर्फ पडला, आणि लमखागा खिंडीच्या वाटेवर ट्रेकर्सचे जीव गेले. अशा वेळी रांग ओलांडून उपयोग नाही. खाली यायचं आणि थांबायचं.

तिसरी, बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ. दरवर्षी येत नाही, पण ऑक्टोबर हा त्याचा महिना आहे. २०१४ मध्ये हुडहुड विशाखापट्टणमला धडकलं आणि दोनच दिवसांत त्याच्या उरलेल्या ढगांनी नेपाळात अन्नपूर्णेच्या परिसरात चाळीसहून जास्त माणसं नेली. म्हणून निघायच्या आठवड्यात उपसागराकडेही नजर टाका. आपण डोंगर बघत बसतो आणि समुद्र विसरतो.

२. "मॉडरेट" हा शब्द तपासून घ्या

जाहिरातीतलं "मॉडरेट" आणि गिर्यारोहणातलं मध्यम यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. आल्प्समधली फ्रेंच श्रेणी जगभर वापरतात. "एफ" म्हणजे सोपं, "पीडी" म्हणजे थोडं अवघड, "एडी" म्हणजे बऱ्यापैकी अवघड. त्यावर डी, टीडी वगैरे, ते आपलं काम नव्हे. मध्यम म्हणजे साधारण पीडी, फार तर एडीची सुरुवात. ३५ ते ४५ अंशांचे बर्फाचे उतार, थोडी हिमनदी, दोर बांधून चालणं, क्रॅम्पॉनवर (बुटाखाली बांधायच्या खिळेदार सांगाड्यावर) विश्वास.

सापळा असा, की ही श्रेणी चांगल्या परिस्थितीतली असते. फ्रेंडशिपचे जे व्हिडिओ तुम्ही बघता त्यातले बहुतेक मे-जूनचे. तेव्हा उतारावर हिवाळ्याचा दाबून बसलेला बर्फ असतो, पहाटे पाऊल टाकलं की क्रॅम्पॉन करकचून धरतो. सप्टेंबरअखेर तो बर्फ वितळून गेलेला असतो. खाली उरतं जुनं, करडं, काचेसारखं कडक बर्फ आणि दगड. त्यावर आदल्या रात्री वीतभर भुसभुशीत बर्फ पडला की वरून सगळं पांढरं आणि गोजिरं दिसतं. पाय मात्र वरच्या भुश्यातून आत जातो आणि खालच्या काचेवर सरकतो. हिमनदीवरच्या भेगांवरही असंच पातळ पांघरूण पडतं. वर्षभर झिजलेले बर्फाचे पूल याच दिवसांत सगळ्यात कमजोर असतात. उन्हाळ्यातलं पीडी अशा वेळी न सांगता एडी होतं.

म्हणून आयोजकाला "किती अवघड आहे?" असं विचारू नका. याच महिन्यात मागच्या वेळी उतारावर काय होतं, बर्फ होता की कडक बर्फ, आइस स्क्रू (दोर अडकवायला कडक बर्फात फिरवून बसवतात ते) लागले का, दोर कुठे बांधला, हे विचारा. "काय विषय नाही सर, सगळे करतात" असं उत्तर आलं तर दुसरा आयोजक शोधा.

३. तीन नावांची यादी करा

तीन नावं म्हणजे एकाच दरीतली तीन शिखरं नव्हेत. तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी बंद पडतील अशी हवीत. मनाली धरून माझी यादी अशी होते.

*पहिलं: फ्रेंडशिप.* सोलंगच्या वर, पीर पंजालमध्ये. पावसाचं शेपूट गेलेलं असेल आणि आधीच्या तीन-चार दिवसांत नवा बर्फ पडलेला नसेल, तरच.

*दुसरं: युनाम, ६,१११ मीटर.* बारालाचा खिंडीच्या पलीकडे, मनाली-लेह रस्त्यावरच्या भरतपूरजवळ. उंची जास्त, पण नेहमीची वाट बहुतांश मुरमाड आणि दगडगोट्यांची. रांगेच्या अलीकडे पाऊस असताना इथे आकाश मोकळं असू शकतं. इथला शत्रू वारा, थंडी आणि उंची. भरतपूरला रस्ता जातो आणि हाच इथला सर्वांत मोठा सापळा आहे. बोगद्यामुळे मनालीहून एका दिवसात गाडीने साडेचार हजार मीटरच्या वर पोचता येतं. तसं करू नका. केलाँग साधारण ३,०८० मीटरवर, जिस्पा त्याहून थोडं वर. तिथे किमान दोन रात्री काढा. फ्रेंडशिपच्या कॅम्पवर तीन-चार रात्री झोपून आला असाल तर शरीर अर्धंअधिक तयार असतं, तरीही मध्ये एक मुक्काम हवाच. पश्चिमी विक्षोभाचा इशारा असेल तर हे नाव खोडा. बारालाचा खिंड बंद झाली तर पलीकडेच अडकाल.

*तिसरं: पातालसू.* सोलंगच्या डोक्यावरचं, चार हजार मीटरच्या थोडं वरचं. हिमनदी नाही, भेगा नाहीत. खरं सांगायचं तर हे शिखर सांगताना आमच्यातल्या काहींना लाज वाटते. "एवढ्या लांब जाऊन पातालसू?" पण वर दोघंही बंद असताना एका मोकळ्या दुपारी तिथून पीर पंजालची पांढरी भिंत बघणं आणि दोन दिवस तंबूत पत्ते कुटणं, यात मला तरी निवड अवघड वाटत नाही.

हातात पंधरा दिवस असतील तर लडाखमधलं कांग यात्से-२ (६,२५० मीटर) पहिल्या क्रमांकावर घेता येतं. ते पर्जन्यछायेत आहे, त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात फ्रेंडशिपपेक्षा भरवशाचं. महिना सरता सरता थंडी मात्र झपाट्याने वाढते. विमानाने लेहला उतरून लगेच हिंडायला निघू नका, पहिले दोन-तीन दिवस लेहमध्येच काढा.

४. अंदाज बघायची सवय पंधरा दिवस आधी लावा

सगळे मोबाइलमध्ये "मनाली" टाकून हवामान बघतात. मनाली दोन हजार मीटरवर आहे, तुम्ही जाणार पाच हजारांच्या वर. कोल्हापूरचं हवामान बघून मनालीला जाण्याएवढाच याचा उपयोग. ढोबळ हिशेब असा: दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. मनालीत रात्री १० अंश असेल तर ५,२८९ मीटरवर उणे ११ धरा. त्यात ताशी ४० किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला ते उणे २० च्या खाली लागतं. बोटं गेली म्हणतात ती अशीच जातात.

रोज रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटं पुरतात. विंडी या हवामानाच्या ॲपवर युरोपीय आणि अमेरिकी अशी अंदाजाची दोन्ही मॉडेल उघडायची. वाऱ्याची पातळी ५०० हेक्टोपास्कल (हे हवेच्या दाबाचं एकक) ठेवायची, कारण ती साधारण साडेपाच हजार मीटरची हवा दाखवते. दोन्ही मॉडेल पुढच्या चार-पाच दिवसांबद्दल एकच बोलत असतील तर थोडा विश्वास ठेवा. एक बर्फ म्हणतंय आणि दुसरं ऊन, तर दोघांनाही माहीत नाही एवढंच समजा. सहाव्या दिवसापुढचे आकडे हे आकडे नसतात, फक्त कल असतो. त्याबरोबर हवामान खात्याच्या शिमला किंवा डेहराडून केंद्राचे इशारे वाचा. पश्चिमी विक्षोभाचा उल्लेख तिथे स्पष्ट शब्दांत येतो.

आणखी एक गोष्ट फार कमी जण करतात. युरोपच्या कोपर्निकस या उपग्रह प्रकल्पाच्या संकेतस्थळावर सेंटिनेल-२ उपग्रहाची छायाचित्रं फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी नवीन. ढग नसलेला दिवस शोधून तुमच्या शिखराचा उतार बघा. करडा दिसतो की पांढरा, हिमनदीवरच्या भेगा उघड्या आहेत का, हे शाहूपुरीतल्या खोलीत बसून कळतं.

हे पंधरा दिवस केल्याचा खरा फायदा वेगळाच आहे. अंदाज किती वेळा चुकला ते तुम्ही स्वतः बघितलेलं असतं. मग डोंगरावर कुणी "ॲपवर उद्या ऊन दाखवतंय" म्हणालं तर त्या वाक्याची किंमत किती ते तुम्हाला माहीत असतं.

५. धोक्याची पातळी घरीच लिहून ठेवा

आपण कोल्हापूरकर पंचगंगेचं पाणी फुटांत मोजतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पाणी दारात आल्यावर "काय करायचं?" यावर चर्चा करत बसायची पाळी येऊ नये म्हणून हे आकडे आधी ठरलेले असतात. २०१९ च्या महापुरात ज्यांनी ४३ नंतरही "बघू की सकाळी" म्हटलं, त्यांना सकाळी होडीतून काढावं लागलं.

डोंगरावर नेमकं "बघू की" हेच चालतं. थंडी, दमणूक, खर्च केलेले पैसे आणि उंचीवर मंदावलेला मेंदू, हे चौघं मिळून निर्णय घेतात. म्हणून दोन पातळ्या कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि तो कागद गाइडला दाखवा. माझा कागद असा आहे.

३९, म्हणजे कॅम्प वर हलवायचा नाही:
- रात्रीत नवा बर्फ टाचेएवढा, १० ते १५ सेंटिमीटर.
- दोन मॉडेलचं एकमत नाही.
- एका जागी ठेवलेल्या घड्याळातला उंचीमापक रात्रीत ३० मीटरपेक्षा जास्त वर गेला.
- शिखराच्या उंचीवर ताशी ३५-४० किलोमीटर वारा.

४३, म्हणजे खाली, आणि मतदान नाही:
- चोवीस तासांत ३० सेंटिमीटर किंवा जास्त नवा बर्फ, आणि वाट ३० अंशांपेक्षा तीव्र उतारावरून किंवा तशा उताराखालून जाते.
- आसपास कुठेही ताजा हिमकडा सुटलेला दिसला, किंवा चालताना पायाखाली "धप्प" असा पोकळ आवाज आला.
- कुणाचाही तोल जातो, बोलणं अडखळतं, किंवा बसल्या जागी धाप लागते.
- ठरलेल्या वेळेला ठरलेल्या ठिकाणी पोचलो नाही.

उंचीमापकाचं थोडं सांगतो. तो खरं तर हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो. चार हजार मीटरच्या आसपास दाब एक हेक्टोपास्कलने उतरला, की घड्याळ १२-१३ मीटर जास्त दाखवतं. तुम्ही झोपला होता, तंबू हलला नाही आणि सकाळी उंची ४० मीटर वाढलेली दिसली, तर दाब सुमारे तीन हेक्टोपास्कल पडलाय. काहीतरी येतंय. मी वहीत रोज संध्याकाळी सात आणि सकाळी पाचचा आकडा लिहितो.

पहिल्या खेपेला त्या घड्याळात मला हे दिसलं होतं. ३,८४० चं ३,८८५ झालं होतं आणि मी सगळ्यांना हसत सांगितलं, "झोपेत पंचेचाळीस मीटर चढलो." दुपारी दोनला बर्फ सुरू झाला.

६. वेळेचं गणित पाटीवर मांडा

फ्रेंडशिपच्या वाटेवरचा लेडी लेग कॅम्प साधारण ३,८४० मीटरवर आहे. शिखर ५,२८९ वर. म्हणजे सुमारे साडेचौदाशे मीटरची चढाई. या उंचीवर चांगल्या तयारीचा माणूस तासाला २०० मीटर चढतो. सव्वासात तास. रात्री एकला निघालात तर साडेआठच्या आसपास वर, आणि ऊन बर्फ मऊ करायच्या आत उतरायला सुरुवात. जमतं.

आता गुडघाभर नवा बर्फ धरा. वेग निम्मा होतो, तासाला १००. साडेचौदा तास, म्हणजे दुपारी साडेतीन. हे गणित सहावीतला पोरगा करेल, तरीही दरवर्षी माणसं निघतात, कारण रात्री एक वाजता कुणी गणित करत नाही. म्हणून परत फिरायची वेळ आधी ठरवा. आम्ही दहा लिहितो. शिखर वीस मिनिटांवर असलं तरी दहा म्हणजे दहा. शक्य असेल तर मध्ये एक वरचा कॅम्प लावा. खर्च वाढतो, पण सव्वासात तासांचे चार-पाच होतात.

७. ती पहाट

त्या पहिल्या खेपेच्या तिसऱ्या रात्री आकाश उघडलं. चांदण्या अशा, की आमच्यातला शाळामास्तर म्हणाला, "देवच पावला." दीडला निघालो. नवा बर्फ पोटरीपर्यंत होता. पहिले दोन तास मजेत गेले. मग उतार वाढला आणि पुढे चाललेला गाइड थांबला. बोलला काहीच नाही. गुडघ्यावर बसला आणि हेडटॉर्चच्या उजेडात आइस ॲक्सने बर्फात चौकोन कापला, पाटाएवढा. मागून हाताने हलकेच पुढे ओढला. वरचा थर, एकसंध, सर्रकन सुटून त्याच्या मांडीवर आला. खालचं जुनं कडक बर्फ उघडं पडलं, चकचकीत.

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरून आणलेलं म्हशीचं दूध तापवून निववलं आणि पातेलं कललं तर साय अशीच सरकते, अखंड. आम्ही त्या सायीवर उभे होतो आणि आमच्या वर तिनेकशे मीटर तीच साय होती.

परत फिरलो. मास्तर तंबूत पोचेपर्यंत कुणाशी बोलला नाही. माझाही राग गाइडवरच होता, खोटं कशाला बोलू. तो निवळायला कोल्हापूर यावं लागलं.

ही चाचणी तुम्हीही करू शकता, पण तिचा अर्थ एकाच बाजूने लावा. थर सहज सुटला तर "नको" हे नक्की. सुटला नाही तर "हो" असं मात्र ती सांगत नाही. दहा पावलांवर बर्फ वेगळा असू शकतो. आणि हे फक्त नवख्यांचं दुखणं नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ वर हिमस्खलन होऊन उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतले २९ जण गेले. त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू चढलेल्या सविता कंसवालही होत्या. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, ५,६७० मीटरचं शिखर, प्रशिक्षणाची नेहमीची वाट.

८. दिवस, तिकिटं आणि कागद

बारा दिवसांत तीन नावं बसवायची तर प्रवास आवरता घ्यावा लागतो. कोल्हापूरहून निजामुद्दीनला आठवड्याची गाडी आहे. ती जुळली नाही तर मिरजेहून रोजची गोवा एक्स्प्रेस. आरक्षण आता ६० दिवस आधी खुलतं, म्हणजे ऐन पावसाळ्यात. परतीचं तिकीट काढताना दोन मोकळे दिवस सोडा. माझ्या पहिल्या खेपेच्या घाईमागे अर्धं कारण परतीची कन्फर्म सीट हे होतं.

बरोबर लागणारे कागद, प्रत्येकाच्या दोन प्रती:
- आधार कार्ड आणि चार पासपोर्ट आकाराचे फोटो.
- डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं आरोग्य प्रमाणपत्र, महिन्याभरातलं. त्याच भेटीत उंचीवरच्या गोळीबद्दल (डायमॉक्स) विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा.
- कोर्सचं प्रमाणपत्र, असल्यास.
- विम्याची पॉलिसी. "साहसी क्रीडा" आणि हेलिकॉप्टरने सुटका हे शब्द स्वतः वाचा. पुष्कळ पॉलिसींत उंचीची मर्यादा बारीक अक्षरांत असते.
- परवानगीची पत्रं. परवानगी शिखरागणिक असते. इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशन, वनखातं आणि स्थानिक प्रशासन यांपैकी कुणाकुणाची लागते ते तिन्ही नावांसाठी आधी विचारा आणि पत्राची प्रत हातात घ्या. "तिकडे गेल्यावर होतंय" यावर विसंबू नका, ऐनवेळी दुसऱ्या नावाकडे वळताच येत नाही.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून मेसेज करणारं यंत्र परदेशातल्या भावाकडून मागवू नका. परवान्याशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे.

९. सामान, थोडक्यात

नेहमीची यादी आयोजक देतो, ती परत लिहीत नाही. या हंगामापुरतं चार गोष्टी बघा. क्रॅम्पॉनला खाली प्लास्टिकची किंवा रबराची पट्टी हवी, नाहीतर ताज्या बर्फाचे गोळे टाचेखाली चिकटतात आणि तुम्ही खडावा घालून चालता. भाड्याचे बूट आणि भाड्याचे क्रॅम्पॉन मनालीत दुकानातच एकत्र चढवून बघा, पाय आपटून बघा. मला एकदा दोन्ही वेगवेगळ्या दुकानांतून मिळाले आणि पट्टा वर जाऊन सुटला. हातमोजे दोन जोड, एक कोरडा राखीव. गॉगल सगळ्यांकडे हवाच, ढगाळ दिवशीही नव्या बर्फाने डोळे भाजतात.

सरावासाठी जोतिबाच्या पायऱ्या आणि पन्हाळा पुरेसे आहेत. पाठीवर बारा-पंधरा किलो घ्या, आठवड्यातून तीनदा, दोन महिने. उंचीची सवय मात्र इथे होत नाही, पन्हाळा हजार मीटरच्या आतच आहे. ती वर, हळूहळू करायची. तीन हजार मीटरनंतर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक आराम.

१०. घरी एक कागद ठेवून जा

आमच्या घरी तो फ्रिजवर चुंबकाने लावलेला असतो. तिन्ही शिखरांची नावं, प्रत्येकाचे कॅम्प, गाइडचा आणि आयोजकाचा नंबर, जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर, ११२. शेवटची रेंज असलेल्या जागेवरून मी फोन करून सांगतो, आज एक नंबर की दोन नंबर, आणि बायको त्याच्यापुढे पेनाने खूण करते. सगळ्यात खाली एक तारीख आणि वेळ. त्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर आधी आयोजकाला, दोन तासांनी पोलिसांना.

मागच्या वर्षी खूण तिसऱ्या नावापुढे झाली. शेजारच्या काकूंनी फ्रिज बघून विचारलं, "पातालसू म्हणजे मोठं असतंय का गं?" बायको म्हणाली, "मोठं नाही, पण फोन वेळेत आला."